टोमॅटो माजतो तेव्हा

गच्चीवरचे टोमॅटो उपासमारीपेक्षा अति लाडाने जास्त बिघडतात. दुकानातली प्रत्येक पुडी थोडी थोडी घालून बघायची, हा आपला खाक्या. त्याआधी माती आणि पान बघावं.

माती कुठली?

टोमॅटोला 6 ते 7 सामू मानवतो. देशावरची काळी माती बहुधा चुनखडीची, सामू 7.5 ते 8.5. तिच्यात कॅल्शियम भरपूर, पण लोह असूनही मुळांच्या हाती लागत नाही. कोकणातली जांभ्याची माती उलट आम्लधर्मी आणि चुन्याला तुटलेली. रत्नागिरीत जो चुना उपयोगी, तोच सोलापुरात नडतो. अंड्याची टरफलं म्हणजेही चुनखडीच, आणि ती विरघळता विरघळत नाही. कुजलेलं शेणखत मात्र दोन्हीकडे चालतं.

झाड माजलं की

गडद हिरवा पाला, जाडजूड खोड, शेंड्याची पानं आत वळलेली आणि फुलं मोजकीच: हा नत्राचा माज. युरियात 46 टक्के नत्र असतं, कुंडीत ते चटकन जास्त होतं. अशा वेळी नत्र थांबवावं. एरवी फुलं येईपर्यंत 19:19:19 आणि फळं धरल्यावर 13:0:45 पुरतं. लिटरभर पाण्यात 1 ते 2 ग्रॅम, तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत मुळं भाजतात.

बुडाचा काळा डाग

फळ अजून हिरवं असतानाच देठाच्या विरुद्ध टोकाला पाणचट ठिपका येतो, मग तो काळपट, चामड्यासारखा होऊन आत दबतो. हा रोग नव्हे, त्यामुळे बुरशीनाशक फवारून काही होत नाही. फळाला कॅल्शियम कमी पडलेलं असतं, पण मातीत ते बहुधा असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाण्याचा मोठा वाटा पानं ओढून घेतात. त्यात एक दिवस कुंडी खडखडीत आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब झाली, की फळाचा वाटा तुटलाच. पालाश किंवा अमोनियाचं खत जास्त झालं तरी तेच होतं. एप्सम सॉल्टनेही डाग जात नाही. त्यातलं मॅग्नेशियम उलट कॅल्शियमच्या आड येतं. उपाय साधा: मोठी कुंडी, रोज ठरल्या वेळी पाणी आणि वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. डागाळलेली फळं तोडावीत. पुढची फळं सहसा चांगली येतात.

जुनं पान की नवं?

नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं. म्हणून खालची पानं आधी बोलतात. सगळंच पान फिकं पडलं तर नत्र, कडा करपल्या तर पालाश, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. हेच शिरांचं जाळं कोवळ्या पानावर दिसलं तर लोह. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोहच लागू पडतं. खालच्या पानांवर एकात एक वलयांचे तपकिरी ठिपके असतील तर तो करपा. तिथे खताचं काही काम नाही, ती पानं तोडून बाहेर टाकावीत.