महाग चेंडू आणि बंगळूरची विरळ हवा

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी वाचकास इतिहासातून परिचित असलेले बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि ही उंची केवळ तेथील सुखद हवेच्याच नव्हे, तर तेथे खेळल्या जाणाऱ्या गोल्फच्याही मुळाशी आहे. हाय ग्राउंड्स भागातील बंगळूर गोल्फ क्लबाची स्थापना १८७६ सालची. कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान पुष्कळ अलीकडचे. या दोन्ही ठिकाणी, आणि शहराबाहेर नंदीच्या डोंगराकडे वा म्हैसूर रस्त्याला झालेल्या नव्या मैदानांवर, आठवडाभर कचेरीत काम करून शनिवार-रविवारी खेळणाऱ्या हौशी मंडळींत आता मराठी अभियंतेही आढळतात, आणि दुकानात उभे राहिले असता त्या सर्वांपुढे एकच पेच पडतो: साधा चेंडू घ्यावा, की त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा, नामांकित व्यावसायिक वापरतात तो घ्यावा? किमतीतील एवढी तफावत सकारण आहे काय, आणि असल्यास ते कारण आपल्या खेळाला कितपत लागू पडते, याचा विचार पदार्थविज्ञानाच्या आधारे करणे शक्य आहे.

प्रथम कायद्याची बाब. खेळाच्या नियमांनुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. इतकेच नव्हे, तर ठरावीक यंत्राने ठरावीक रीतीने मारला असता तो किती वेगाने निघावा आणि किती दूर जावा, यांवरही नियामक संस्थांनी कमाल मर्यादा घातलेली आहे. या मर्यादेच्या अगदी निकट पोहोचण्याची विद्या आज बहुतेक सर्व कारखानदारांस साध्य झालेली असल्यामुळे, महाग चेंडू साध्या चेंडूहून फार लांब जाईल ही अपेक्षा मुळातच निराधार ठरते. मऊ चेंडू संथ हाताच्या खेळाडूस अधिक अंतर देतो, ही समजूतही तपासाला टिकत नाही. मऊ चेंडू हातास सुखद लागतो हे खरे, परंतु तो दांड्यावरून किंचित कमीच वेगाने सुटतो.

चेंडूच्या पृष्ठभागावरील खळग्यांची कथा या संदर्भात मनोरंजक आहे. १८४८ च्या सुमारास मलायातील वृक्षांच्या चिकापासून केलेला गट्टापर्चाचा चेंडू प्रचारात आला, तेव्हा तो गुळगुळीत असे. परंतु दांड्याचे घाव बसून खरबरीत झालेला जुना चेंडू नव्याहून सरळ आणि दूर जातो, हे खेळाडूंच्या ध्यानी आले आणि त्यांनी नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम टवके पाडण्यास आरंभ केला. त्यामागील कारणाचा उलगडा पुढे झाला. वेगाने जाणाऱ्या गुळगुळीत गोलाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर त्याच्या मध्याच्या आसपासच सुटतो आणि मागे कमी दाबाचा रुंद पट्टा निर्माण करून गोलास मागे ओढतो; खळग्यांमुळे हा थर खवळतो, खवळल्यामुळे तो पृष्ठभागास अधिक काळ धरून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि अवरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. एडिंबरोचे पदार्थवैज्ञानिक पीटर टेट यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिले, की उलट्या फिरकीमुळे चेंडूवर ऊर्ध्वगामी बल कार्य करते आणि त्याचे उड्डाण त्यामुळेच इतके दीर्घ होते. आज ३०० ते ४०० च्या दरम्यान खळगे असलेला चेंडू सर्वत्र मिळतो, आणि खळग्यांच्या रचनेत सूक्ष्म भेद असले, तरी हे मूळ वरदान स्वस्त-महाग असा भेद न करता प्रत्येक चेंडूस लाभलेले आहे.

मग पैसे कशाचे पडतात? याचे उत्तर चेंडू मधोमध कापून पाहिल्याखेरीज मिळत नाही. साध्या चेंडूत दोनच भाग दिसतात: आत कृत्रिम रबराचा भरीव गाभा आणि वर आयोनोमर नामक चिवट, कठीण प्लास्टिकचे आवरण. महाग चेंडूत गाभ्यावर एक वा दोन ताठर थर असून त्यांवर युरेथेनचे, एक मिलिमीटरहूनही पातळ असे मऊ आवरण ओतलेले असते. या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध चेंडू, टायटलिस्टचा प्रो व्ही वन, २००० साली व्यावसायिक स्पर्धांत उतरला आणि दोरा गुंडाळून केलेल्या चेंडूंचे युग त्याने अल्पावधीत संपुष्टात आणले.

ड्रायव्हरचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या दांड्याचा, फटका बसतो तेव्हा दांडा आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्यात चेंडू दाबला जाऊन पुन्हा उसळतो. या प्रचंड दाबात गाभ्याचेच राज्य चालते आणि आवरणाला फारसे स्थान उरत नाही. परंतु ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या आखूड कापलेल्या हिरवळीपासून, चाळीस-पन्नास यार्डांवर, सुमारे ५६ अंश कललेल्या वेज नामक दांड्याने हळुवार फटका मारताना चित्र पालटते. येथे गाभा जेमतेम दबतो आणि चेंडू दांड्याच्या तिरक्या मुखावरून वर सरकू पाहतो. ओल्या घाटावर कठीण तळव्याची चप्पल घसरावी आणि मऊ रबराची मात्र पाय धरून ठेवावी, तसा हा भेद आहे: आयोनोमरचा चेंडू घसरून उंच उडतो आणि कमी फिरकी घेऊन पडतो, तर युरेथेनचे आवरण आतील ताठर थर आणि दांड्यावरील खाचा यांच्यामध्ये चिमटले जाऊन मुखाला घट्ट धरते, आणि चेंडू कित्येकदा दीडपट फिरकी घेऊन निघतो. ग्रीनवर पडताच पहिला चेंडू धावत राहतो. दुसरा एक-दोन टप्पे घेऊन थबकतो.

आता बंगळूरच्या हवेकडे वळू, कारण माझ्या मते तेथील खेळाडूचा प्रश्न तिने बराचसा सोडवून ठेवलेला आहे. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते. अवरोध घटतो, आणि मुंबईत २०० यार्ड हवेतून जाणारा फटका बंगळुरात पाच-सात यार्ड अधिक जातो. हौशी खेळाडूच्या हाती दोन चेंडूंच्या लांबीत पडणारा फरक बहुधा याहून अधिक भरत नाही. म्हणजे जे अंतर विकत घेण्याची उमेद माणूस बाळगतो, ते त्या शहराने विनामोबदला देऊन टाकलेले असते. तथापि याच विरळ हवेत उचलणारे बलही क्षीण होते, चेंडूचा मार्ग थोडा सखल होतो आणि तो ग्रीनवर कमी खड्या कोनाने उतरून अधिक धावतो. सारांश, बंगळुरात लांबी सुलभ आणि थांबवणे दुर्घट; आणि पैसे दुर्घट गोष्टीसाठी मोजावेत, हे उघड आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या काळात ग्रीन कठीण होतात, तेव्हा युरेथेनचे मोल विशेष जाणवते. सप्टेंबरच्या पावसात मात्र भिजलेली माती चेंडूस स्वतःच थांबवते.

लांबीच्या हव्यासाला याच शहराने एक ठळक उत्तर दिलेले आहे. बंगळुरात जन्मलेली आणि तेथेच खेळ शिकलेली अदिती अशोक २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदकापासून केवळ एका फटक्याने दूर राहिली. आणि त्या स्पर्धेत ती सर्वांत आखूड ड्राइव्ह मारणाऱ्यांपैकी होती. तिने हे साधले ते ग्रीनच्या आसपासच्या नजाकतीवर आणि अद्वितीय पटिंगवर.

तरीही महाग चेंडू सर्वांनीच घ्यावा, असा निर्वाळा मी देणार नाही. ज्याचा फटका वारंवार उजवीकडे वळतो आणि दर फेरीत ज्याचे चार-पाच चेंडू झाडीत वा पाण्यात जातात, त्याने दोन थरांचा साधा चेंडूच घ्यावा. तो किफायतशीर तर आहेच, शिवाय ड्रायव्हरवर कमी फिरकी घेत असल्यामुळे थोडा कमी वळतो. तळ्यातून काढून विकले जाणारे चेंडू मात्र शक्यतो टाळावेत, कारण दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या चेंडूची उसळी मंदावते आणि वरून ते कळत नाही. एकच चेंडू अनेक होलपर्यंत टिकवण्याइतका हात ज्याचा बसला आहे, त्याने युरेथेन आवरणाचा, परंतु मधल्या किमतीचा तीन थरांचा चेंडू पसंत करावा. सर्वांत महाग आणि मधल्या किमतीच्या युरेथेन चेंडूंतील भेद व्यावसायिकाच्या ताशी १८५ किलोमीटर वेगाच्या दांड्याला जाणवेल. ताशी १५० च्या आसपास दांडा फिरवणाऱ्या हौशी खेळाडूस तो क्वचितच जाणवतो.

दुकानदाराच्या शब्दावर वा खोक्यावरील मजकुरावर विसंबून डझन घेण्यापूर्वी, दोन-तीन प्रकारांची तीन-तीन चेंडूंची एकेक स्लीव्ह घ्यावी. परीक्षेचा आरंभ ड्रायव्हरने न करता ग्रीनवरील पटने करावा, मग चिप, मग चाळीस यार्डांचा वेज, आणि ड्रायव्हर सर्वांत शेवटी. ग्रीनवर जो चेंडू आपण योजलेल्या जागी थांबतो तो निवडावा, आणि एकदा निवडल्यावर निदान एक हंगाम तो बदलू नये.