मुलांची खोली : जागा थोडी, पण हक्काची!

पाहुणे यायचे म्हटले की आपण घरातले पहिले दार कोणते लोटून घेतो? मुलांच्या खोलीचे! बाकीचे घर कसे आरशासारखे लख्ख, आणि त्या दाराआड दप्तरे, मोजे, खडू, बॅट आणि गेल्या महिन्यातल्या वाढदिवसाचे मलूल फुगे. "खोली आवरा" हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा म्हणतो, ते मोजायला जपमाळही पुरायची नाही.

आमचे घर नगरच्या सावेडी भागात. (२०२४ पासून नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते.) मुलांची खोली दहा बाय नऊची. तीत आठ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. म्हणजे नावाला मुलांची, खरी आजी-नातवंडांची. पुष्कळजणींकडे असेच असेल. मासिकातल्या गुलाबी-निळ्या खोल्यांची चित्रे दिसतात छान, पण त्यांत आजीची ट्रंक कुठेच नसते!

गेल्या मे महिन्यात मुले संगमनेरला मामाकडे गेली आणि मी पदर खोचला. दोन दिवसांत खोली चकाचक. मुले परत आली, मुलगा आत गेला आणि लगेच बाहेर आला. "आई, माझा पत्र्याचा डबा?" त्या डब्यात भंडारदऱ्याच्या सहलीत सापडलेला गुळगुळीत दगड, एक मोरपीस, बंद पडलेले घड्याळ आणि एसटीची तिकिटे होती. डबा मी भंगारवाल्याला देऊन टाकला होता. तो रडला नाही, भांडलाही नाही. पण पुढच्या आठवड्यात मी गादी उचलली, तर खाली गोट्या, बिल्ले, पेन्सिलींचे तुकडे नीट मांडून दडवलेले! आपल्याच घरात, आपल्याच आईपासून. माझ्या काळजात चर्र झाले.

तेव्हा उमगले, की मी खोली आवरली होती ती माझ्यासाठी, पाहुण्यांसाठी. मुलांच्या खोलीतली जागा वाचवायची ती मुलांना जागा मिळावी म्हणून. मग सगळे पुन्हा, या वेळी मुलांना बरोबर घेऊन केले. ते असे :

आधी उंची मोजा

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गातली मुले न सांगता आपापली दप्तरे खुंटीला लावतात, आणि माझीच मुले घरी ती दारात टाकतात! कारण अगदी साधे निघाले. शाळेतली खुंटी मुलांच्या खांद्याशी आहे, घरातली माझ्या डोक्याशी.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले, तेव्हा मुलांच्या मापाची टेबले-खुर्च्या आणि बुटकी कपाटे करवून घेतली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि आसपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून मुलांची साधने बनवली. तेव्हा "आमच्याकडे तेवढा पैसा नाही" ही सबब चालायची नाही, बरं का!

मुलाला भिंतीशी उभे करून हात वर करायला सांगा आणि खडूने खूण करा. खुणेच्या खाली रोजच्या वस्तू : कपडे, पुस्तके, खेळणी. खुणेच्या वर आपल्या वस्तू : स्वेटर, सणाचे कपडे, औषधे (तीही कुलपात). दरवर्षी वाढदिवसाला खूण पुढे सरकवा. मुलांना त्याची मोठी गंमत वाटते.

भिंती कामाला लावा

जुन्या वाड्यांच्या भिंती हात-हात रुंद, म्हणून त्यांत कोनाडे आणि फडताळे सुखाने मावत. आजच्या चार-सहा इंची भिंतीत कोनाडा खोदायचा मोह नको. भिंत कमकुवत होते आणि आत विजेच्या तारा असतात. त्याऐवजी खोलीचा कोपरा किंवा खिडकीशेजारचा खांबामागचा खळगा पाहा. तिथे गवंड्याकडून कडप्प्याच्या फळ्या बसवून घ्या. कडप्प्याला वाळवी लागत नाही आणि ओल्या फडक्याने तो पुसता येतो. कडा मात्र घासून गोल करून घ्यायला विसरू नका.

पुस्तकांच्या फळीला नऊ-दहा इंच खोली पुष्कळ झाली. जास्त खोल फळीवर वस्तू दोन रांगांत जातात आणि मागची रांग दिवाळीलाच दिसते!

दाराची मागची बाजू आपण विसरतोच. जुनी जीनची पँट किंवा जाड चादर घेऊन तिच्यावर दहा-बारा कप्पे शिवा आणि दाराला टांगा. मोजे, रुमाल, कंगवा, रिबिनी, पट्टी, कात्री (बोथट टोकाची) सगळे मावते. वाचता न येणाऱ्या मुलीसाठी प्रत्येक कप्प्यावर त्या वस्तूचे चित्र टाचा. आमच्या धाकटीने मोज्यांच्या कप्प्यावर मांजर काढले आहे. का, ते तिलाच ठाऊक, पण मोजे चुकत नाहीत!

पलंगाखालचे गोदाम

पेटीच्या दिवाणात जागा भरपूर, पण झाकण जड. मुलांची बोटे चेमटतात. म्हणून त्यात जादा गोधड्या, पाहुण्यांची अंथरुणे अशा कधीमधी लागणाऱ्या वस्तू ठेवा. रोजच्यासाठी साध्या पलंगाखाली सरकणारी खोकी बरी. फळवाल्याकडून लाकडी खोकी आणा, खिळे ठोकून आत घाला, काचकागदाने घासा, रंग द्या आणि खाली चार चाके लावा. एक खोके खेळण्यांचे, एक चपला-बुटांचे.

कपड्यांसाठी एक युक्ती. जपानच्या मारी कोंडो यांनी आपल्या पुस्तकातून घड्या उभ्या लावायची पद्धत घरोघरी नेली. एकावर एक थप्पी लावली की मुले खालचा सदरा ओढतात आणि वरचे सगळे कोसळते. घड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या की सगळे दिसते आणि एक काढला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत.

थोडी खेळणी, जास्त खेळ

सगळी खेळणी एकदम बाहेर असली की मुले एकाशीही धड खेळत नाहीत. निम्मी पिशवीत घालून माळ्यावर ठेवा आणि महिन्याने अदलाबदल करा. माळ्यावरून उतरलेली भातुकली मुलांना नव्यासारखी वाटते आणि आपले पैसेही वाचतात.

दप्तराच्या खुंटीवर शाळेचे वेळापत्रक चिकटवा आणि दप्तर रात्रीच भरा. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन किलो. नको ती पुस्तके घरी राहायची तर त्यांना घरात फळी हवीच!

सुरक्षितपणाही सांभाळा

जड वस्तू खाली, हलक्या वर. उंच कपाट लोखंडी पट्टीने भिंतीला पक्के करा. मुले उघड्या खणांवर जिन्यासारखी चढतात. अमेरिकेत २०१६ साली एका मोठ्या कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत मागवावी लागली, कारण ती कलंडून मुले दगावली होती. दोन पट्ट्या आणि चार स्क्रू यांचा खर्च तो काय?

पावसाळ्यात कपाट भिंतीपासून दोन बोटे पुढे घ्या, म्हणजे ओल धरत नाही. कसरीसाठी कडुलिंबाची वाळलेली पाने कापडी पुरचुंडीत घाला. डांबराच्या गोळ्या आणि कापूर मुलांच्या कपाटात नकोतच. त्या पांढऱ्या गोळ्या मुलांना पेपरमिंटसारख्या दिसतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. अशांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटतात आणि कावीळ होते. गोळी पोटात गेल्याचा संशय आला, तरी घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठा.

आजीची ट्रंक

"ती ट्रंक माळ्यावर टाकली की अर्धी खोली मोकळी होईल," असे हे म्हणाले. मलाही पटले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री पाय चेपताना हळूच म्हणाल्या, "अगं, ट्रंक वर गेली की मला उघडायला कोण देणार? मी मग दरवेळी तुम्हाला हाका मारू का?"

जी गोष्ट मुलाची, तीच आजीची! जिथे हात पोचत नाही, ती वस्तू आपली राहत नाही. ट्रंक आम्ही खिडकीखाली हलवली आणि तिच्यावर जुन्या साड्यांची जाड गोधडी दुमडून बांधली. आता तिथे बसून नातू वाचतो आणि आजीला काही काढायचे असेल तेव्हा तोच उठून गोधडी बाजूला करतो. बसायची जागा झाली, खुर्ची वाचली.

एक डबा ज्याचा त्याचा

शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक मुलाला एक डबा द्या. बिस्किटांचा असो, बुटांचा असो. त्यात काय ठेवायचे ते त्याने ठरवावे, आणि त्याला विचारल्याशिवाय आपण झाकण उघडायचे नाही. अट दोनच : खायचे काही ठेवायचे नाही, आणि झाकण लागले पाहिजे. डबा भरला, की नवे ठेवण्यासाठी जुने काय काढायचे ते मूल आपणच ठरवते. आवरणे आवरणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

तो भंडारदऱ्याचा दगड काही परत आला नाही. लेकाची मी माफी मागितली आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुसरा दगड शोधायला गेलो. "त्याच्याएवढा गुळगुळीत नाही," म्हणाला, पण डब्यात ठेवलाय.

आमची खोली आजही चित्रातल्यासारखी दिसत नाही हो. पाहुणे आले की दार मात्र आता उघडे असते. आणि परवा चादर बदलताना मी गादी उचलून पाहिली. खाली काही नव्हते.