हाडांचा कर्करोग आणि लोह: ‘फेरोप्टोसिस’ म्हणजे काय?

‘लोहामुळे कर्करोगाच्या पेशी मरतात’ अशी बातमी वाचली की घरच्यांना दोन प्रश्न पडतात. मग रुग्णाला लोहाच्या गोळ्या द्यायच्या का? आणि केमोथेरपी टाळता येईल का? आज दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. मात्र बातमीमागचे संशोधन खरे आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ.

ऑस्टिओसार्कोमा कोणाला होतो?

हा हाडाचा कर्करोग दुर्मिळ आहे, पण तो प्रामुख्याने १० ते २० वर्षे वयात, मुले झपाट्याने उंच होत असताना दिसतो. गुडघ्याजवळची हाडे ही त्याची नेहमीची जागा. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, पुन्हा केमोथेरपी असे उपचार असतात. आजार पसरलेला नसेल तर १०० पैकी सुमारे ६० ते ७० रुग्ण पाच वर्षांहून अधिक जगतात. फुफ्फुसात पसरल्यावर हे प्रमाण बरेच घटते. मुख्य औषधे गेल्या चार दशकांत फारशी बदललेली नाहीत, म्हणूनच नव्या वाटेचा शोध सुरू आहे.

फेरोप्टोसिस म्हणजे काय?

लोखंड गंजते तसे पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थही ‘गंजू’ शकतात. पेशीतील मोकळे लोह या क्रियेला वेग देते. गंज हाताबाहेर गेला की आवरण फाटते आणि पेशी मरते. २०१२ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या स्कॉट डिक्सन आणि ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटाने या प्रकाराला फेरोप्टोसिस हे नाव दिले.

एरवी पेशी स्वतःला वाचवते. ग्लुटाथिओन हा पदार्थ वापरून जीपीएक्स४ नावाचे विकर हा गंज साफ करत राहते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढत असल्याने त्यांना लोह जास्त लागते. त्यांचे हे संरक्षण औषधाने काढून घ्यायचे, की त्यांचेच लोह त्यांच्यावर उलटते, अशी ही कल्पना आहे. केमोथेरपीला दाद न देणाऱ्या पेशी मृत्यूचा नेहमीचा मार्ग चुकवतात. हा मार्ग वेगळा असल्याने त्यांच्याबाबतीतही आशा वाटते. प्रयोगशाळेतील ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींवर आणि उंदरांवर त्याचे उत्साहवर्धक परिणाम दिसले आहेत.

मग अडचण कुठे आहे?

जीपीएक्स४ निरोगी पेशींनाही लागते. ते नसलेली उंदरांची पिल्ले गर्भातच मरतात. ऑस्टिओसार्कोमात वापरल्या जाणाऱ्या डॉक्सोरुबिसिनमुळे काही रुग्णांच्या हृदयाला इजा होते. त्या इजेतही फेरोप्टोसिसचा वाटा असल्याचे उंदरांवरील अभ्यासात दिसले आहे. म्हणजे गाठ मारायची, पण हृदय आणि मूत्रपिंड वाचवायचे, ही खरी कसोटी आहे. या आजारासाठी फेरोप्टोसिसवर आधारलेले कोणतेही औषध अजून मान्य झालेले नाही.

तुम्ही काय करावे?

• लोहाच्या गोळ्या हा कर्करोगाचा उपचार नाही. गोळीतले लोह नेमके गाठीत जाऊन तिला मारत नाही.
• रक्तक्षयासाठी डॉक्टरांनी दिलेली किंवा शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी बातमी वाचून बंद करू नका.
• केमोथेरपी सुरू असताना ई जीवनसत्त्वासारख्या अँटिऑक्सिडंट गोळ्या स्वतःहून घेऊ नका. प्रयोगशाळेत ई जीवनसत्त्व फेरोप्टोसिस थांबवते. कोणतीही गोळी, काढा किंवा भस्म घेत असाल तर कर्करोगतज्ज्ञांना सांगा.
• नव्या उपचाराच्या आशेवर सुरू असलेले उपचार थांबवू नका. आज अनेक रुग्णांचा पाय न कापता शस्त्रक्रिया करता येते, पण त्यासाठी वेळेवर पोहोचायला हवे.

मुलाचा गुडघा दोन-तीन आठवडे सतत दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा सूज वाढत असेल, तर ‘खेळताना मुका मार लागला असेल’ म्हणून मालिश करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि एक साधा एक्स-रे काढून घ्या. नवे औषध येईल तेव्हा येईल. लवकर निदान मात्र आजही आपल्या हातात आहे.