कित्ता गिरवावा, पण कुठवर?

'शुद्धलेखन' या शब्दाला मराठी शाळेत दोन अर्थ आहेत. ऱ्हस्वदीर्घाचे नियम हा एक आणि पुस्तकातील पानभर मजकूर वहीत उतरवणे हा दुसरा. यांपैकी दुसऱ्याची प्रतिष्ठा केव्हाच ओसरली आहे. 'दहा वेळा लिहून आण' या आज्ञेमुळे उतारा म्हणजे शिक्षा, असे समीकरण मुलांच्या मनात बसते; आणि हव्या त्या पानाचे छायाचित्र क्षणात निघत असताना हाताने लिहून काढण्याचे प्रयोजन तरी काय, असा प्रश्न थोरांनाही पडतो. वस्तुतः लेखन सुधारण्याचा एक जुना व बिनखर्चाचा मार्ग आपण यामुळे गमावत आहोत.

आपल्या परंपरेत लेखनिकाचे काम हलके मानले गेले नव्हते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा उल्लेख लेखक म्हणून आदराने येतो. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे राहावे, इतक्या बारकाव्यांनी त्यांनी हा विषय सांगितला आहे. मात्र नकलेत दोषही शिरतात. ज्ञानेश्वरीत अपपाठ फार झाले, म्हणून शके 1506 मध्ये एकनाथांना तिचे शुद्धीकरण करावे लागले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1966 साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, तीही असंख्य हस्तलिखितांतील पाठभेद ताडून पाहूनच. लेखनिकाचे लक्ष ढळले की शब्द गळतो किंवा बदलतो. उलटपक्षी, लक्ष देऊन उतरवणाऱ्याला जे दिसते ते भरभर वाचणाऱ्याला दिसत नाही. विशेषण कोठे टाळले, क्रियापद कोठे ठेवले, वाक्य कोठे थांबले, हे हात मंदावल्यावरच कळते.

परंतु निव्वळ उतरवल्याने लेखक घडत नाही. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी केलेला प्रयोग त्यांच्या आत्मचरित्रात आहे. 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकातील निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यात टिपून ठेवायचा, काही दिवसांनी त्या टिपणांवरून तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करायच्या, अशी ती रीत होती.

पुण्यात याच्या जवळचे उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे. जॉन्सनच्या 'रासेलस'चे वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभलेले भाषांतर त्यांनी पुरे केले. भाषांतर हाही एक उताराच होय. त्यात मुळातील एकही वाक्य चुकवता येत नाही. 1874 साली निबंधमाला निघाली तेव्हा तिच्या गद्यावर जॉन्सन-मेकॉलेंच्या वळणाची छाया लोकांना दिसली. तरीही ती मराठी चिपळूणकरांचीच होती.

अनुकरणाने स्वत्व हरपते, हा आक्षेप निराधार नाही. एकाच लेखकाच्या नादी लागलेल्यांच्या लिखाणात त्याच्या लकबी तेवढ्या उरतात, विचार उरत नाही. यावर उपाय उतारा सोडण्याचा नव्हे, तर गुरू बदलत राहण्याचा आहे. आज आगरकरांचा परिच्छेद घ्यावा, उद्या इरावती कर्व्यांचा, परवा दुर्गा भागवतांचा. तसेच उताऱ्याखाली मूळ लेखकाचे नाव न चुकता लिहावे. अभ्यास आणि वाङ्मयचौर्य यांतील सीमारेषा तीच.

शिक्षकांनीही मुलाला दहा वेळा एकच ओळ लिहावयास लावण्याऐवजी एक चांगला परिच्छेद एकदाच उतरवण्यास सांगावे आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून तोच आशय मुलाच्या शब्दांत मागावा. पहिल्या दिवशीच्या वहीत भाषेचे ऋण दिसेल. दुसऱ्या दिवशीच्या वहीत त्या ऋणाची फेड सुरू झालेली दिसेल.