फी माफ झाली, पुढे काय?

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या बोरगावात ऊस-तंबाखूच्या रानात राबणाऱ्या, नाहीतर इचलकरंजीच्या यंत्रमागावर पाळी करणाऱ्या आईबापांचं पोर सायन्सला चांगले मार्क पाडतं, तेव्हा पेढ्यांच्या पाठोपाठ प्रश्न येतो : आता विचारायचं कुणाला? घरात त्याच्याआधी कॉलेजची पायरी कुणीच चढलेलं नसतं.

पैशाची सोय आहे. वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर इंजिनिअरिंगला 5 टक्के जादा जागांवर शिकवणी फी माफ होते. कर्नाटकात याच जागांना ‘एसएनक्यू’ म्हणतात. एआयसीटीईच्या प्रगती योजनेत निवड झालेल्या मुलीला वर्षाला 50 हजार रुपये मिळतात.

अडचण आहे ती वाट सापडण्याची, आणि सीमाभागात वाटाही दोन. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजात जायचं तर केसीईटी द्यायची, नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्यावरचा आरडी नंबर अर्जात अचूक भरायचा. कोल्हापूर-सांगलीकडे जायचं तर एमएचटी-सीईटी. तिथे वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी ‘ई’ प्रकार आहे; पण दहावी आणि बारावी दोन्ही याच भागात झालेली हवी. आता पाहा, निपाणीला खेटून असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात येतं. अकरावीला नाव कुठे घालायचं यावर दोन वर्षांनंतरचा हक्क ठरतो, आणि हा निर्णय पोर सोळाव्या वर्षी, एसटी कुठली सोयीची ते बघून घेतं. हे मला फार लागतं.

प्रवेशानंतरही धाप लागतेच. दहावीपर्यंतचं विज्ञान मराठीत झालेलं, पुढे सगळं इंग्रजीत. पहिल्या सेमिस्टरला गणित राहिलं की पोर घरी सांगत नाही. सांगून कळणार कुणाला?

अमेरिकेत 1968 पासून सरकारी पैशावर कॉलेजांतून घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या अशा विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम चालतो. जादा शिकवणी, विषय निवडताना सल्ला, आर्थिक मदतीचे अर्ज भरायला हात, हे सगळं त्यात येतं. आपल्याला हे परकं नाही. बोरगावपासून फार लांब नसलेल्या कुंभोजला 1887 साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांना नुसतं जेवण दिलं नाही, पाठीशी माणूस दिला. शिवाजी विद्यापीठातली ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच परंपरेतली. तिच्यामुळे राहण्या-खाण्याची चिंता मिटते. अडलेल्या गणिताला मात्र वेगळा माणूस लागतो.

म्हणून दोन्हीकडच्या विद्यापीठांनी दहावीच्या निकालाच्या आठवड्यातच निपाणी-बोरगावात मदतीचं टेबल मांडावं, आणि त्यावर दोन्ही राज्यांचे नियम तोंडपाठ असलेला माणूस बसवावा. प्रवेश झाला की याच भागातला वरच्या वर्षाचा विद्यार्थी प्रत्येकाच्या सोबतीला द्यावा, त्या विद्यार्थ्याला मानधन द्यावं. गणिताचे जादा तास पहिल्या चाचणीच्या आधी लावावेत, निकालानंतर नव्हे.