संस्थानाच्या वेशीबाहेर सोडलेला संपादक

१९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, पण निदान चालला तरी. मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरी बसली, टिळकांनी दिवसच्या दिवस स्वतःची बाजू मांडली आणि मग न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ सप्टेंबर १९१० रोजी, तिरुवनंतपुरममध्ये ‘स्वदेशाभिमानी’ या मलयाळम पत्राच्या संपादकाला पोलिसांनी उचललं. तिथे ना आरोपपत्र होतं, ना वकील, ना न्यायाधीश. त्रावणकोरच्या महाराजांचं फर्मान निघालं: पत्र बंद, छापखाना जप्त, संपादक हद्दपार. पहाऱ्यात त्यांना दक्षिणेला नेलं आणि आरल्वाय्मोळीची खिंड ओलांडून ब्रिटिश मुलखात सोडून दिलं. के. रामकृष्ण पिळ्ळै तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. जन्मभूमीत ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

त्रावणकोर तेव्हा किती वेगळं राज्य होतं, हे आज सहजी लक्षात येत नाही. त्याची नाणी स्वतःची. टपालही स्वतःचं, ‘अंचल’ नावाचं. त्याचे हरकारे घुंगरांची काठी घेऊन धावत, आणि हे टपालखातं थेट १९५१ साली भारतीय टपालात विलीन झालं. अशा राज्यात महाराजांच्या सहीचा कागद हाच कायदा, त्यावर अपील करायचं ते कोणाकडे?

आता याच राज्याच्या किनाऱ्यावर अंचुतेंगु नावाचं एक चिमुकलं गाव पाहा. सतराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने इथे किल्ला बांधला आणि तेव्हापासून हा तुकडा ब्रिटिशांचा. एका बाजूला समुद्र, बाकी सगळीकडे त्रावणकोर. म्हणजे चार पावलं टाकली की राजा बदलला, कायदा बदलला. ‘स्वदेशाभिमानी’चा जन्म जानेवारी १९०५ मध्ये नेमका इथे झाला. छापखाना थाटला होता वक्कम अब्दुल खादर मौलवी यांनी. मौलवी इस्लामचे गाढे अभ्यासक, मुसलमान समाजात शिक्षण आणि सुधारणा आणू पाहणारे. यंत्र त्यांनी इंग्लंडहून मागवलं होतं. वर्षभराने त्यांनी संपादकपद रामकृष्ण पिळ्ळै यांच्या हाती दिलं आणि पुढे छापखाना हलवला तो चक्क राजधानीत, दिवाणांच्या नाकासमोर. पत्र अंचुतेंगुतच राहिलं असतं, तर महाराजांच्या पोलिसांना त्या यंत्राला इतक्या सहज हात लावता आला असता का?

मला या साऱ्या प्रकरणात संपादकाइतकंच मालकाचं कौतुक वाटतं. पैसा मौलवींचा, यंत्र मौलवींचं, पण अग्रलेखात काय जावं याबाबत त्यांनी पिळ्ळैंना पूर्ण मोकळीक दिली होती. छापखाना गेल्यावरही त्यांनी माघार घेतली नाही. १९३२ साली ते वारले, तोवर यंत्र जप्तच होतं. ते त्यांच्या कुटुंबाला परत मिळालं ते स्वातंत्र्यानंतर, केरळ राज्य झाल्यावर.

त्या काळी मलयाळम पत्र छापणं हे कामही भलतंच किचकट. जोडाक्षरांचा ताप मराठी जुळाऱ्यालाही चुकलेला नव्हता. पण मलयाळमच्या जुन्या लिपीत साधा उकार लागला तरी पुष्कळ अक्षरांचं रूपच पालटायचं. प्रत्येक रूपाचा खिळा वेगळा, त्यामुळे जुळाऱ्यासमोरच्या घरांत शेकडो खिळे. हे उकार अक्षरापासून सुटे झाले ते १९७१च्या लिपीसुधारणेत. दिवाणांवरचा प्रत्येक अग्रलेख असा खिळ्याखिळ्याने उभा राहत असे.

दिवाण पी. राजगोपालाचारी यांच्यावर पिळ्ळैंचा सगळा रोख. लाचलुचपत, कारभारातला मनमानीपणा यांवर ते तुटून पडत, आणि लेखणी दिवाणांच्या खाजगी चारित्र्यापर्यंतही जाई. भाषा संयमाची नव्हतीच. पण त्यांची मूर्ती घडवणारे एक गोष्ट हळूच बाजूला ठेवतात. त्याच १९१० साली, दलित नेते अय्यनकाळी यांच्या लढ्यामुळे दलित मुलांना सरकारी शाळांत प्रवेश देण्याची वेळ आली, तेव्हा पिळ्ळैंनी त्याला विरोध केला. ज्यांच्या कित्येक पिढ्या बुद्धीची मशागत करत आल्या त्यांच्या मुलांना आणि शेतात राबणाऱ्यांच्या मुलांना एकत्र बसवणं म्हणजे घोडा आणि रेडा एकाच जुवाला जुंपणं, असा त्यांच्या अग्रलेखाचा आशय होता. आणि प्रवेशाच्या बाजूने उभे होते ते त्यांनी खलनायक ठरवलेले दिवाण! हद्दपारीचा अन्याय त्यामुळे कमी होत नाही, पण तो अग्रलेखही पुसला जात नाही.

थक्क व्हायला होतं ते पुढच्या दोन वर्षांत. हातात छापखाना नाही, गाव नाही, मिळकत नाही, आणि १९१२ साली या माणसाची दोन पुस्तकं येतात. एक, ‘वृत्तांतपत्रप्रवर्तनम्’, वृत्तपत्र कसं चालवावं यावरचं मलयाळममधलं पहिलं पुस्तक. दुसरं, कार्ल मार्क्सचं चरित्र. रशियन क्रांतीला अजून पाच वर्षं अवकाश होता. भारतीय भाषेतलं मार्क्सचं पहिलं चरित्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. एकाच वर्गात सगळी मुलं बसायला नकोत म्हणणारा माणूस दोन वर्षांत मार्क्सपाशी कसा पोचला असेल?

या भटकंतीत पत्नी बी. कल्याणी अम्मा सोबत होत्या. त्या स्वतः ‘शारदा’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादकांपैकी एक, म्हणजे घरात संपादक दोन. मद्रास, पालक्काड करत कुटुंब कण्णूरला आलं, तिथे कल्याणी अम्मांच्या शिक्षिकेच्या नोकरीवर घर चाललं. पिळ्ळैंना क्षयाने गाठलं होतं. २८ मार्च १९१६ रोजी ते गेले. त्यांच्या सहवासाच्या आठवणी कल्याणी अम्मांनी लिहिल्या, त्या पुस्तकाचं नाव ‘व्याळवट्ट स्मरणकळ्’, गुरूच्या एका फेऱ्याच्या आठवणी. गुरू ग्रहाला सूर्याभोवती फिरायला सुमारे बारा वर्षं लागतात. संसारही तेवढाच लाभला होता.

केरळ सरकार आज पत्रकारितेतला आपला मानाचा पुरस्कार ‘स्वदेशाभिमानी-केसरी’ या नावाने देतं. यातला केसरी पुण्याचा नव्हे. ए. बालकृष्ण पिळ्ळै यांनी १९३० ते १९३५ या काळात तिरुवनंतपुरममधून चालवलेलं हे साप्ताहिक. त्याआधी त्यांचं ‘प्रबोधकन’ सरकारने बंद पाडलं होतं. पण त्यासाठी कोणाला रातोरात खिंडीपलीकडे न्यावं लागलं नाही. १९२६ साली त्रावणकोरात वृत्तपत्रांचा रीतसर कायदा आला होता. परवाना रद्द केला की काम भागत असे.