सल्ला द्या, पण फुकट नको!

आमच्या कळमन्यात पहाट होते ती मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजाने. संत्री असोत की मिरची, माल दारात आला म्हणून तिथे कोणी फुकट वाटत नाही. आधी माल पाहतात, मग बोली लागते, मग वजन. हे वर्षानुवर्षे पाहणारी मी, स्वतःजवळचा माल मात्र फुकटच वाटत होते!

माझा माल म्हणजे मराठी. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी. कोणाचा अर्ज, कोणाच्या दुकानाचे पत्रक. "मॅडम, जरा नजर टाका ना," म्हटले की मी लगेच चष्मा शोधायची.

मागच्या वर्षी मुलीच्या क्लासची फी आणि घराचा हप्ता एकाच महिन्यात आले. त्यातच मोबाइलवर संदेश आला, 'घरबसल्या सल्लागार व्हा.' नोंदणीचे अडीच हजार मागितले. डब्यात साठवलेले पैसे मी यांना न विचारता भरले. दुसऱ्या दिवशी तो नंबर बंद! लाजेपोटी चार दिवस गप्प राहिले. शेवटी सांगितले, तेव्हा हे एवढेच म्हणाले, "अगं, काम देणारा पैसे देतो, मागत नाही."

मैत्रिणींनो, माझ्यासारखे चार दिवस घालवू नका. असे झाले तर तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. आणि आपल्याला पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही पक्के ध्यानात ठेवा.

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला नीट मार्ग दाखवला. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, लिंक्डइन २००३ पासून. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ मध्ये सुरू झाली. या तिन्ही ठिकाणी साधी नोंदणी करायला पैसे पडत नाहीत. मी लिंक्डइनवर लिहिले, 'गृहिणी, बी. ए.' ती हसली. "मॅडम, हे तुम्ही कोण ते झालं. तुम्हाला काय येतं ते लिहा ना!"

तेव्हा लिहिले, 'पाचवी ते आठवीच्या मुलांच्या मराठी लेखनातल्या चुका अकरा वर्षे तपासत आहे. मुलांसाठीचा मजकूर सोपा व शुद्ध करून देईन.' एका धड्याचे पान, आधीचे आणि सुधारलेले, शेजारी शेजारी जोडले. मुलांची पुस्तके काढणाऱ्या चौदा ठिकाणी, प्रत्येकाला वेगळे पत्र पाठवले. बारा जणांनी उत्तरच दिले नाही. एकाने अख्खे पुस्तक 'नमुना म्हणून' फुकट मागितले. मी एक पान दिले आणि थांबले. चौदाव्याने आठ पुस्तिका तपासायला दिल्या.

काम हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी लेखी ठरवाव्यात: काम नेमके किती, कधी द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा करायच्या आणि पैसे केव्हा. निम्मी रक्कम आधी मागायला मला फार संकोच वाटला. पण मागितली, आणि मिळाली! पॅन कार्ड व बँकेचे खाते स्वतःच्या नावाचे हवे. पैशांतून कर कापला गेला, तर त्याचा हिशेब ठेवून वेळेवर विवरणपत्र भरावे.

त्या पैशातून क्लासची फी भरली. उरलेले डब्यात टाकले, या वेळी यांच्यादेखत.

परवा शेजारच्या काकू अर्ज घेऊन आल्या. तो मी फुकटच तपासला. शेजारधर्म का कुठे सुटतो! पण त्यांची सून एका अडत्याच्या दुकानाचे हिशेब कितीतरी वर्षे चोख सांभाळते. जाताना तिला म्हटले, "तुला काय काय येतं, ते एका कागदावर लिहून उद्या दुपारी ये बरं. चहा माझ्याकडे."